पट्टी लावलेला पाय

चऱ्होली,
३ नोव्हेंबर २०२४

चि. प्रीतम यास अनेक आशीर्वाद.

फोनवर तू बरंय म्हणून मोकळा होतोस, म्हणून पत्र. लिगामेंटच्या ऑपरेशनला दहा महिने झाले. गेल्या महिन्यात फिजिओथेरपिस्ट म्हणून मीच तुझ्या पायांची ताकद तपासली. डावा उजव्याला हार जात नाही. डॉक्टरांनीही कबड्डीला होकार दिला. मग त्या निळ्या ताणपट्टीचे तीन रोल कशाला आणलेस? आई सांगत होती, खेळायला जाण्याआधी तू पट्ट्या कापत बसतोस. सूज होती तेव्हा मी ती लावायचे, गुडघ्याला जरा धीर यायचा. लिगामेंट ती धरून ठेवत नाही, हे तुला दहादा सांगितलंय. दाजी विचारत होते, गुडघ्याला नवरदेव केलंय का. दुखत असेल तर खरं लिही.

लोभ आहे म्हणूनच विचारते.

तुझी तनुजाताई

निघोजे,
७ नोव्हेंबर

ती. ताईस सा. न.

दुखत नाही. आपल्या कबड्डी मंडळात प्रशिक्षक सोपानअण्णांचा जुना दंडक आहे, पट्टी लावलेल्या पायाला कुणी हात घालायचा नाही. पहिल्याच सरावात मी नऊ गुण आणले, पोरांनी खांद्यावर घेतलं. परवा मंडळातलाच रोहिदास हसत म्हणाला, तुझा पाय म्हंजी देवाचा नारळ, हात कोन लावणार. तेव्हापासून ते गुण गोड लागत नाहीत. पण पट्टी सोडायचीही भीती वाटते. गुडघा तुटतानाचा आवाज अजून कानात आहे. १७ तारखेच्या रविवारी मंडळातल्याच दोन संघांचा सामना आहे, समोर रोहिदासच. कंपनीत शिफ्टमध्येही तेच डोक्यात असतं.

रागावलीस तरी माया कमी करू नकोस.

तुझा प्रीतम

चऱ्होली,
१२ नोव्हेंबर

चि. प्रीतम यास आशीर्वाद.

रागावले नाही. पुन्हा तुटणारच नाही, असं मी लिहून देणार नाही. कुणीच देणार नाही. गुडघा तयार आहे, एवढं मात्र नक्की. पट्टी लावून खेळलास तर मला कळवू नकोस. काढून खेळलास तर जे होईल ते कळव.

काळजीत असलेली,
तनुजाताई

निघोजे,
१८ नोव्हेंबर

ती. ताईस सा. न.

पट्टी न लावता उतरलो. पहिल्या चढाईत सवयीने कुणी पायाकडे आलंच नाही. मी गुडघ्यावर थाप मारून रोहिदासला म्हणालो, धर. दुसऱ्या चढाईला त्याने अंगाचा सगळा भार टाकून तोच गुडघा धरला. मी आडवा पडलो. अण्णा धावत आले. मी मध्यरेषेकडे हात लांबवला, पोचला नाही, बाद झालो.

मग उठलो आणि आपल्या पायांनी बाहेर आलो. बाद होऊन इतका आनंद मला कधी झाला नव्हता. सामना दोन गुणांनी हरलो. आईला गुडघ्यावरचे नखांचे ओरखडे दिसले, तिने रोहिदासचा उद्धार केला. त्याला त्याचं काही नाही. पुढच्या रविवारी पुन्हा हाच पाय धरणार, असं तो गावभर सांगत फिरतोय.

दाजींना नमस्कार. असाच जीव लावत राहा.

तुझा प्रीतम