हॉलच्या पडद्याचे गोंडे

२८ एप्रिल, सोमवार
आजपासून चिडणे बंद. डॉक्टर सांगतात म्हणून नाही, मलाच वाटलं म्हणून.

रविवारी सौमित्र आणि सूनबाई कृतिका कोपरीहून सान्वीला सोडायला येणार. नात चक्क आठ दिवस राहणार! दिवाळीत अशीच राहायला आलेली आणि त्याच दिवशी परत गेलेली. कारण मी शोधून काढलंय. हॉलमधला अंधार. त्या दुपारी मी शेजारच्या विंगमधल्या बाबुरावाशी पार्किंगवरून फोनवर दोन शब्द बोलत होतो, आणि पोर सबंध वेळ पडद्यामागे खिडकीला चिकटून उभी. उजेड हवा होता बिचारीला! हे जाडजूड पडदे आमच्या हिची, सगुणाची निवड. मी तेव्हाच बोललेलो.

उपाय: पडदे बाजूला बांधायचे. टायबॅक लावायचे.

२९ एप्रिल
सगुणा म्हणाली, त्यात काय एवढं, गाठ मारू. आणि उठून मारलीसुद्धा! हॉलच्या पडद्याला गाठ? घर आहे की मंगल कार्यालयाची मागची खोली? मी शांतपणे समजावलं. खालच्या मजल्यावरची संचिता वर येऊन विचारून गेली, काका, सगळं ठीक ना? डोंबिवलीत लोकांना दुसऱ्याच्या घरात कान लावायची सवयच.

३० एप्रिल
फडके रोडवर गेलेलो. दुकानदाराने ढीग टाकला. मोत्यांचे, मॅग्नेटवाले, गोंड्यांचे, भिंतीत ठोकायचे पितळी हुक. टिकाऊ कुठला विचारलं तर म्हणे, अंकल, सब अच्छा है. सगळंच चांगलं तर सेल कशाला लावलास रे? एवढंच विचारलं. त्याने सरळ पाठ फिरवली. गिऱ्हाइकाची किंमतच नाही.

सोनेरी गोंडे घेतले, हुकांसकट.

१ मे
घरी उजेडात बघितले. सोनेरी कसले, हळदी! बदलायला गेलो तर मला बघून माणूस दुकानाच्या आत. मी आवाज चढवला नव्हता. माझा आवाजच तेवढा आहे.

३ मे, शनिवार
ड्रिलवाला सकाळी येतो म्हणाला आणि फोन बंद करून बसला. हरामखोर! सोसायटीचं ड्रिल आणून मीच हुक लावले. थोडं प्लास्टर पडलं. सगुणा म्हणाली, एक हुक वर, एक खाली झालाय. म्हटलं, तुझी मान वाकडी आहे. ती आत गेली. तिला नजरच नाही त्याला मी काय करणार.

उद्या सान्वी म्हणेल, आबा, किती मस्त!

४ मे, रविवार, सकाळी ११
आले! हॉल लख्ख. सौमित्र हुकांकडे बघून म्हणाला, बाबा, लेव्हल घेतलेली का? मी हसलो. हसलो! नोंद असावी.

४ मे, संध्याकाळी ५
जेवणं होतायत तोच बाबुरावाचा फोन. कालच्या ड्रिलच्या आवाजाची तक्रार. त्याची गाडी कोण आडवी लावतं ते आधी सांगितलं. दोनच शब्द. फोन ठेवून वळतो तर सान्वी खिडकीपाशी, भिंतीला पाठ लावून, गोंडा ओढत उभी. म्हटलं, बघ गं, किती उजेड!

ती माझ्याकडे न बघता आईला म्हणाली, मम्मा, पडदा का बांधलाय? आता आबा ओरडले की मी कुठे लपू?

सौमित्रने न उघडलेली बॅग उचलली. कृतिका म्हणाली, बाबा, सुट्टी आहे अजून, बघू. तिघं गेली.

प्रचंड राग आलाय. दुकानदाराचा, ड्रिलवाल्याचा, बाबुरावाचा. पण कोणाला फोन लावावासा वाटत नाही.

५ मे, सोमवार
गोंडे काढले. पडदे सोडले. एकदा पडद्यामागे उभा राहून बघितलं. सहा वर्षांच्या पोरीला जागा भरपूर आहे.

सगुणाने बाहेरून विचारलं, चहा तिथेच देऊ का? मी हो म्हटलं, अगदी हळू.

तिला ऐकूच गेलं नाही.