फळीमागचा मासा

सोमवार, ३ तारीख
पोचलो एकदाचा! माडीवरची खोली झकास आहे. खिडकीतून हात लांबवला की पन्हळीला लागतो. घरमालकीण बाई निवृत्त शिक्षिका. आल्या आल्या त्यांनी मला काम तोंडपाठ म्हणायला लावलं: वळचणीच्या एकोणीस फळ्या बदलायच्या, पन्हळी नव्या लावायच्या. मागचा सुतार कोपऱ्यातली फळी मोडून पडला आणि जागीच गेला, तेव्हापासून वर्षभर इथे कुणी फिरकलं नाही, असं त्या म्हणाल्या. मी मान हलवली. तो माझा दादा होता. ठेकेदाराला मी आडनाव वेगळं सांगितलंय.

बुधवार, ५ तारीख
सात फळ्या झाल्या. प्रत्येकीच्या पाठीवर सवयीनं पेन्सिलीचा छोटा मासा काढला. फळ्यांच्या कारखान्यात होतो तेव्हापासूनची ही माझी खूण. फळी बसली की ती कुणाला दिसत नाही.

ठेकेदार सोमवारी तपासायला येणार. छपरावर चढून, कोपऱ्यातल्या फळीवर पाय टेकून सगळी वळचण न्याहाळायची त्याला खोड आहे. दादाच्या हाती सडका माल यानंच दिला. आता जशास तसं! एक सडकी फळी घेतली, भोकांत पुट्टी भरली, रंग चढवला. नटून बसलीय मेली.

शनिवार, ८ तारीख
कोपऱ्यातल्या मोडक्या फळीवर पत्रा मारलेला आहे. त्याला खेटून काल माझी फळी ठोकली. आज सकाळी सगळी पुट्टी बाहेर! तिच्या गोळ्या पन्हळीत एका ओळीत, माझ्या खिडकीपासून कोपऱ्यापर्यंत. बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, या गुडघ्यांनी माडी चढवत नाही, पन्हळीत कुठली जाऊ?

रविवार, ९ तारीख
पुन्हा भरली. पुन्हा बाहेर. भर दुपारी पन्हळीतून पावलं — डावा पाय ओढत, दादा चालायचा तशी. दादाच. अरे, तुझ्यासाठीच करतोय ना मी हे! त्या माणसाला सोडणार नाही.

सोमवार, १० तारीख, सकाळ
गोळ्यांची ओळ पत्र्याखाली जाते. पत्रा उचकटला. दादाच्या वजनानं मोडलेली ती फळी. सडलेली. आत पुट्टी. पाठीवर —

मासा.

माझा. कारखान्याचा मालक म्हणायचा, सडकं झाकून पाठव. मी झाकायचो. हात चांगला आहे म्हणून शाबासकी घ्यायचो.

दुपार
ठेकेदार येत नाही, असा निरोप आला. माझी सडकी फळी काढायला छपरावर चढलो. वळून पाहिलं तर शिडी नाही. हाका मारल्या. बाई बाहेर गेल्या असाव्यात. वही खिशातच होती म्हणून लिहितोय. उतार निसरडा. पाय टेकायला आधार एकच — माझी फळी.

पुट्टी परत भरलीय. गुळगुळीत. माझ्याहून सफाईदार.

पावलं. डावा पाय —

दादा, सडकी आहे हे माहीत होतं मला. तुझ्या वाट्याला येईल हे नव्हतं रे. दुसऱ्या कुणाच्या आली असती तर मी —

फळी वाक