दोन मापांच्या माणसांची यादी

प्रिय ताई,

तुझं जाडजूड पाकीट मिळालं. आत आपल्या गिऱ्हाइकांची यादी विकण्याचा करारनामा, खाली तुझी सही आणि माझ्या सहीच्या जागी पेन्सिलीने फुली. फुली कशाला गं? मी काय पहिलीतली आहे? सही केली की त्या पैशांत माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन मोठ्या दवाखान्यात होईल, असं लिहिलंयस. उत्तर देते, पण माझ्या पद्धतीने, म्हणजे पाल्हाळ लावून.

आज दुकानात खोकी बांधताना तुझेच पराक्रम आठवत होते. तुझे दोन पाय दोन मापांचे, म्हणून तू दोन मापांच्या बुटांचा एक जोड पोस्टाने विकायचा धंदा काढलास. लोक म्हणाले, हिचं डोकं फिरलंय. मीही म्हणाले. असलं गिऱ्हाईक शोधायचं कुठे? कपाळावर थोडंच लिहिलेलं असतं! मग आपण त्या यादीवाल्याकडे गेलो, नावं-पत्ते विकणाऱ्या. डॉक्टरांची यादी, बंगलेवाल्यांची यादी, त्याने भाजी मांडावी तशा याद्या मांडल्या. बंगलेवाल्यांची घेतली आणि आपली पत्रकं सगळी केराच्या टोपलीत गेली.

दुसऱ्या खेपेला तू त्याला विचारलंस, जोडे परत पाठवणाऱ्यांची यादी आहे का? तो पोट धरून हसला. चपलांच्या एका मोठ्या कंपनीने ही कटकटी माणसं म्हणून बाजूला काढली होती. यांना पुन्हा काही पाठवू नये, असा वर शेरा. तू तीच घेतलीस, तीही आधी थोडीशी, मीठ चाखून बघावं तशी. म्हणालीस, ज्याला जोडा चावतो तोच परत पाठवतो. काय डोकं गं तुझं! इतकी उत्तरं आली की पोस्टमन कुरकुरायला लागला. लोकांनी कागदावर पाय ठेवून, पेन्सिलीने गिरवून पाठवले. एका शिक्षिकेने लिहिलं होतं, जन्मभर एका बुटात कापूस कोंबून चालले, नवऱ्यालाही ठाऊक नाही. ते वाचून तू बराच वेळ चष्मा पुसत बसलीस आणि मी तुला चिडवलं. मनातून मात्र तेव्हाच तुला हात जोडले होते.

आता तोच यादीवाला आपली यादी मागतोय. मी त्याला चहा पाजला, गोडगोड बोलले आणि कुणासाठी हवी ते काढून घेतलं. पाय एकसारखे करून देतो म्हणून तेल विकणाऱ्या कुणा भामट्यासाठी! तू लिहिलंस, आपणही याद्या विकत घेतल्याच की, मग विकायला लाज कसली? अगं, पत्ता दारावर लावलेला असतो. पाय मोज्यात असतात. त्या लोकांनी ते आपल्याला विश्वासाने दाखवले. हे मी तुझ्याकडूनच शिकले आणि माझ्या काळजीपोटी तूच विसरायला निघालीस.

तर करारनामा सही न करताच परत पाठवतेय, तुझी फुली खोडून. सरकारी दवाखान्यात नाव घातलंय. रांग मोठी आहे, तोवर भिंग लावून पत्ते वाचीन. भीती वाटते गं, खोटं कशाला बोलू? म्हणूनच तेलाचं कळल्यावरही काल सही करायला पेन उचललं होतं. शिवाय तुझा शब्द मी आजवर मोडलेला नाही. म्हटलं, विकायचं आहे ते एकदा डोळ्यांखालून तरी घालावं, म्हणून यादी उघडली. पहिल्याच ओळीत तू आहेस. डावा पाय चार, उजवा सहा, तुझ्याच अक्षरात. ताई, तुला कशी विकू?

तुझीच, अजूनही तुझ्यापुढे जीभ चालवणारी,
शेंडेफळ