बाबा, रॉकॉल आणि हॅम्बुर्ग

रीडिंग,
ऑगस्ट १९९७

प्रिय मीनल,

हे पत्र मुद्दाम मराठीत लिहितेय. इंग्रजीत लिहिलं असतं तर तू ट्रेनमध्ये दोन स्टेशनांच्या मधे वाचून संपवलं असतंस आणि फोनवर 'येस मम्, गॉट इट' म्हणून मोकळी झाली असतीस. मराठी वाचायला तुला वेळ लागतो, आणि या वेळी तू वेळ लावावास असंच मला वाटतं. अक्षर लागलं नाही तर पुन्हा वाच. रविवारच्या मराठी वर्गाला तुला थंडीत ओढत नेत होते ते उगाच नाही.

इथे सगळं ठीक. टोमॅटो यंदा बरे आलेत. शनिवारी वॉटफर्डहून हरीशकाका आणि यमुनाकाकू जेवायला आले होते. काकांनी बाबांना समुद्रावरून दोनदा डिवचून पाहिलं, पण बाबा आमटी-भात जेवत राहिले. जुलैच्या शेवटी ब्रिटन त्या समुद्राच्या करारात सामील झालं, तेव्हापासून ते असेच आहेत. बागेत जातात, हातात कात्री असते आणि काही कापत नाहीत.

तुझ्या कामातलं मला कळतं ते एवढंच. ब्याऐंशी साली करार झाला तेव्हा इथल्या सरकारने सही केली नाही. समुद्राच्या तळाशी जी खनिजं आहेत त्यांच्यावर साऱ्या जगाचा हक्क, हे त्यांना पटेना. तू तेव्हा शाळेत होतीस आणि बाबांना त्या कराराचं सोयरसुतक नव्हतं, बातम्या लागल्या की ते क्रिकेट लावायचे. पुढे तो खनिजांचा भाग बदलला. तू वकील झालीस, आणि गेल्या दिवाळीत फराळ करता करता तू सांगितलंस की ब्रिटन सामील झालं की तुमची फर्म हॅम्बुर्गला, त्या नव्या सागरी न्यायालयाजवळ, ऑफिस उघडणार आणि तुला तिथे पाठवणार. बाबांनी त्यावर काय केलं, आठवतंय? चकल्यांचा डबा आत ठेवायला म्हणून गेले ते बराच वेळ बाहेर आलेच नाहीत.

आणि पुढच्याच महिन्यात त्यांना रॉकॉल सापडलं! अटलांटिकमधला एक खडक, पक्षीसुद्धा नाइलाजाने बसत असतील असा. करारात गेलो तर त्या खडकाच्या नावावर सांगितलेला मासेमारीचा हक्क सोडावा लागेल, असं त्यांनी कुठेतरी वाचलं आणि माणूस पेटला. ज्याने जन्मात मासा तोंडात घातला नाही, ज्याला आइल ऑफ वाइटच्या फेरीबोटीत मी लिंबू हुंगायला देत होते, तो देशाचे मासे वाचवायला निघाला. पक्षाच्या शाखेत इतकी वर्षं नुसती वर्गणी भरत होते, आता खासदाराला पत्रं काय, दारोदार पत्रकं काय. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं. ख्रिसमसला तुमचं दोघांचं कडाक्याचं भांडण झालं. तू म्हणालीस, तुम्ही माझ्या कामाच्या मुळावर उठलात. ते म्हणाले, प्रश्न देशाचा आहे. तू दार आपटून गेलीस आणि मी उरलेला पुलाव फ्रीजमध्ये ठेवला.

मार्चमध्ये चर्चच्या हॉलमध्ये शाखेची सभा झाली. मी बटाटेवडे तळून नेले होते, ते त्यांना दरवर्षी लागतात. बाबांचं भाषण छान झालं, आकडे-बिकडे सगळे पाठ. शेवटी चेअरमनने अगदी सहज विचारलं, डॉक्टर, तुम्हाला मासेमारीत एवढा रस कसा? बाबांनी कागद चाळले, चष्मा पुसला आणि म्हणाले की ब्रिटन करारात गेलं तर माझी मुलगी हॅम्बुर्गला जाईल. एवढं बोलून खाली बसले. हॉलमध्ये कोणाला काही कळलं नाही. एका म्हाताऱ्याला बहुधा वाटलं की जर्मन लोक आता आपल्या मुलीही पळवणार, त्याने जोरजोरात टाळ्या वाजवल्या. मी मागे वड्यांचा ट्रे घेऊन उभी होते. मला सगळं कळलं.

मीनल, आयुष्यभर लोकांना भूल देत आलेल्या या माणसाने अख्ख्या ब्रिटनला थांबवायला घेतलं होतं, कारण मुलीला 'जाऊ नकोस' म्हणायची त्याची हिंमत नव्हती. ते कुठल्या तोंडाने म्हणणार? पासष्ट साली स्वतःच्या वडिलांना 'दोन वर्षांत येतो' सांगून ते बोटीत बसले, आणि आजोबा गेले तेव्हा इथे ड्यूटीवर होते. म्हणून मग त्यांनी पार्लमेंटला पुढे केलं. त्या दिवशी घरी येताना गाडीत मला हसूही येत होतं आणि रडूही. मी त्यांना काही बोलले नाही, तुलाही सांगितलं नाही. वाटलं, निवडणूक होईल, सरकार काय ठरवायचं ते ठरवेल, आपण कशाला मधे पडा.

पण परवा तू फोनवर म्हणालीस की शुक्रवारी ऑफिसला हॅम्बुर्गसाठी नाही म्हणून कळवणार, बाबांना दुखवून जायचं नाही. मी 'बरं' म्हटलं, कारण ते शेजारीच बसले होते. ते बरं नाही, हे सांगायला हे पत्र. बाबा हरलेत आणि रीतसर हरलेत. आता तू कीव करून त्यांना जिंकवू नकोस. तू राहिलीस तर ते खूश होतील, चार दिवस. मग तुझ्याकडे बघतील तेव्हा प्रत्येक वेळी त्यांना कळेल की हिला आपण अडवलं. ते त्यांना सोसणार नाही, मी ओळखते त्यांना. शुक्रवारी हो म्हण. रविवारी घरी ये आणि समोर बसून सांग. भांडतील, जेवणावरून उठतील, उठू देत. मग त्यांना विचार की बाबा, मला सोडायला हॅम्बुर्गपर्यंत याल का? जाऊ नकोस म्हणणं त्यांना जमत नाही गं, पण सोबत या म्हटलेलं ते कधीच नाकारणार नाहीत. माझी काळजी करू नकोस. मी खूप रडेन, आणि तरी तू जावंस.

तुझीच, आणि या खेपेला तुझ्याच बाजूची,
आई