पेतेलोचे पाय

४ फेब्रुवारी
आज पेतेलोची तपासणी. डॉक्टर न्यूझीलंडचा, त्याला आमची टोंगन भाषा येत नाही. म्हणून दर वेळी मी सोबत. कॉन्व्हेंटच्या शाळेतलं इंग्रजी म्हातारपणी धाकट्या भावाच्या कामी आलं! रक्ताच्या कर्करोगाने वाढलेल्या पेशी गोळ्यांनी पुष्कळ उतरल्यात. डॉक्टर खूश. पायांवर डाग, जखमा काही? त्याचा प्रश्न मी पेतेलोला सांगितला. भिंतीकडे बघत म्हणाला, "काही नाही." एवढ्या उकाड्यात फुलपँट घालून आला होता. थंडी वाजत असेल बिचाऱ्याला.

७ फेब्रुवारी
रविवार. अळूच्या पानांत मटण बांधलं, आत नारळाचं दूध. त्याचं ताट त्याच्या लेकीने, लोसालिनेने आत नेलं. मी ओसरीवर जेवले. मग भिंतीच्या अलीकडे मी, पलीकडे तो — गप्पा. शाळा सुटायची तेव्हा फाटकाशी माझ्यासाठी ऊस सोलून उभा असायचा. मिसरूड फुटायच्या आधीच त्याला मुलांच्या झोपडीत निजायला पाठवलं. आमची रीतच तशी: वयात आलेल्या भावाने बहिणीच्या खोलीत बसायचं नाही, अंग दाखवायचं नाही. तेव्हापासून त्याचा चेहराही मी धड पाहिलेला नाही. आवाज मात्र पाठ आहे.

"ताई, मीठ कमी होतं," म्हणाला.
"आजारी माणसाने तेवढंच खावं."

९ फेब्रुवारी
लोसालिने बोटीने वावाउ बेटावर गेली. सासू वारली — मयताला द्यायच्या चटया घेऊन जायलाच हवं. "आत्या, बाबांकडे बघाल ना?" बघू कशी, ते तिने नाही सांगितलं!

१० फेब्रुवारी
त्याचे कपडे मीच धुवायला घेतले. पँटला आतून रक्त. आणि पू.

११ फेब्रुवारी
दाराशी उभी राहिले. "पेतेलो, पाय दाखव."

आतून म्हणाला, "तू नको, ताई."

बहिणीचा शब्द भावाने मोडायचा नाही, हेही आमच्याच रीतीतलं. आयुष्यात कधी तो हक्क बजावला नव्हता. आज बजावला. आत गेले. नडगीपासून वर जांभळे डाग, घोट्याजवळ उघडी जखम. किती दिवस सोसलं असेल!

"डॉक्टरला का नाही सांगितलंस?"

"विचारणारी तू होतीस," तो म्हणाला.

१२ फेब्रुवारी
डॉक्टर म्हणाला, हे त्या गोळ्यांमुळेच. पायांतल्या बारीक रक्तवाहिन्या सुजल्यात, कातडीला रक्त पोचत नाही. गोळ्या बंद. दुसऱ्या गोळ्या ऑकलंडहून येईपर्यंत रक्त पुन्हा बिघडू शकतं. जखम रोज धुऊन पट्टी बदलायची, नाहीतर पाय जाईल. घरी कोण करणार, त्याने विचारलं. पेतेलो मान वर करेना. मी म्हटलं, मी.

१३ फेब्रुवारी
त्याने तोंडावर टॉवेल घेतला. मी पट्टी बांधली. दोघंही रडलो. एकमेकांना दाखवलं नाही.

१७ फेब्रुवारी
नव्या गोळ्या आल्या. देवा, लागू पडू देत! जखमेच्या कडा जरा गुलाबी दिसतात.

टॉवेलखालून आवाज आला, "हात फार जड आहे तुझा."
"गप पड."

२३ फेब्रुवारी
लोसालिने परतली. हात धुऊन पट्टी करायला बसली. पेतेलोने पाय मागे घेतला.

"तू राहू दे. ताई करते."