पावलाचं माप

१४ नोव्हेंबर, लातूर

पोचले एकदाची! नाशिकहून रात्रभर बस. अंग आंबून गेलं होतं, पण गंजगोलाईत पाय ठेवला आणि झोप कुठल्या कुठं पळाली. मधे गोल बाजार आणि चहूकडे फुटलेले रस्ते. इकडे मिरचीचा ठसका, तिकडे गुळाचा वास, पलीकडे कोऱ्या कापडाचा. एकटीनं भटकायला मला फार आवडतं. आईला मुळीच नाही. अटीप्रमाणे तिला फोन करून जेवल्याचं सांगितलं. जेवले कसली, तुटून पडले! लॉजखालीच लक्ष्मम्मांची खानावळ आहे. मी नको नको म्हणतेय आणि त्या भाकरीवर शेंगदाण्याची चटणी वाढतायत.

संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी ओट्यावर एक बाबा दिसले. कपाळभर भस्म, हातात सुतळी. पाय पुढं करा म्हणाले. चपला शिवत असतील, म्हणून मीही थाटात उजवं पाऊल पुढं केलं. त्यांनी टाचेपासून अंगठ्यापर्यंत सुतळी धरली आणि गाठ मारली. कधी मिळतील विचारलं, तर म्हणाले, लई टाइम लागत न्हाई.

१५ नोव्हेंबर

ओटा रिकामा. माझ्या चपलांचं काय, म्हणून लक्ष्मम्मांना विचारलं, तर त्यांचा वाढता हात थांबला. म्हणाल्या, ते गुरुपादप्पा. आमच्या लिंगायतांत गेलेल्या माणसाला मांडी घालून बसवून पुरतात, आणि खड्डा मोजायचा तो त्याच्याच पावलानं. गल्लीतल्या साऱ्यांचे खड्डे गुरुपादप्पांनीच मोजले. गेल्या वर्षी ते स्वतः गेले. तरी अधूनमधून ओट्यावर दिसतात. दिसले की गल्लीतली माणसं पाय पोटाशी घेतात. आता आधी माप घेतात ते, मग माणूस जातं. पाय कशाला दिलाव लेकरा, म्हणाल्या आणि रडायलाच लागल्या.

मला हसू आलं. भुतंखेतं म्हटलं की मला हसूच येतं. पण जेवून उठताना मांडी सुटेना. लक्ष्मम्मांनी दोन्ही हातांनी ओढून सोडवली.

१६ नोव्हेंबर, नांदेड

नको ते लातूर, म्हणून सकाळीच बस धरली. वाटेतलं लोहा गाव यायच्या आत पाय आपोआप सीटवर चढले. मांडी. कंडक्टर ओरडला, नीट बसा म्हणून. मी खाली ओढतेय, ते पुन्हा वर. शेजारची बाई उठून मागं जाऊन बसली. आता मला हसू येत नाही. मला भीती वाटतेय.

१७ नोव्हेंबर

डॉक्टर म्हणाले, हाडं ठणठणीत आहेत, विश्रांती घ्या. इथल्या लॉजवर मला रिक्षावाल्यानं उचलून आणलं. पाय आता उघडतच नाहीत. झोपायला गेलं तर पाठ टेकत नाही. ताठ. मालकीणबाई, शिल्पाताई, दोन घास भरवून गेल्या. गिळताना मातीची चव लागली.

आईला फोनवर सगळं सांगून बसले. ती निघालीय. येऊ नको म्हटलं. ऐकते कसली.

१८ नोव्हेंबर

डावा हात मांडीवर गेला, परत येईना. उजवा अजून — थोडा —

कानांत माती पडल्यासारखं. दुपार आहे, ऊन आहे, तरी —

जबडा मिटलाय.

आईचा फोन. शिल्पाताईंनी स्पीकर लावून समोर ठेवला आणि चहा टाकायला गेल्या. आई स्टेशनबाहेर आलीय. हॅलो हॅलो करतेय. मी इथंच आहे गं — ओरडतेय — आवाज घशातच —

म्हणते, एक बाबा भेटले. फार भला माणूस. तुमच्या मुलीला ओळखतो म्हणाले, तिच्याकडंच नेतो. बसायला जागा दिली. चालून दमला असाल म्हणाले, जरा चप्पल —

आई नको

आई पाय मागं घे पा