थुकला की झाडू मारा

सोमवार, ५ जानेवारी
सुनेशी भांडून भिवापूर सोडलं तं लोक म्हणे, बुढी दोन दिसांत वापस येते. येते म्हणे! मले नागपुरात नोकरी लागली, रेल्वेच्या स्टेशनात. स्टेशन माह्याहून म्हातारं. छतात कबुतरं, भिंतीले तंबाखू-सुपारीच्या खर्र्याच्या पिचकाऱ्या. आता त्या सुनेच्या, दामिनीच्या दारात पाय ठेवत नाही.
सुपरवायझर सुशील म्हणे, आजी, कोणी थुकला की लगेच झाडू मारायचा. म्या विचारलं, हळू का जोरात? म्हणे, जोर लावून! आमच्याकडे आंगण झाडतात, झाडू माणसाले मारतात. शहर लय सुधारलं बाप्पा.

मंगळवार, ६
एका खर्रेवाल्याच्या पाठीत घातला. चप्पल सोडून पळाला. दुसऱ्याच्या नडगीवर. तो बोंबलला, काहून मारून राहिली वं बुढे? म्या म्हटलं, ड्युटी आहे. संगतची जिजाबाई म्हणे, फरशी कवा झाडशीन? जळते मेली.

गुरुवार, ८
झाडू मोडला. सुशील म्हणे, इतक्या लवकर? म्या म्हटलं, काम जोरात आहे. पोरगा खुश. लांब दांड्याचा देला. आता दुरूनबी पुरते.

शनिवार, १०
मोठे साहेब तपासणीले येणार. सुशील म्हणे, आजी, आज इज्जतीचा सवाल, एकबी सोडू नका.
नाही सोडला. एक कोटवाला फोनवर बोलत बोलत खांबाआड पचकन थुकला. एक पाठीत, एक ढुंगणावर. चष्मा रुळावर. सुशील मधात आला, त्याच्या कपाळावर बसला. जिजाबाई बाकड्यावर पडून हसे.
तेच साहेब होते म्हणे. परवा ऑफिसात बोलावलं. बढतीच असन. दामिनीले फोन करून सांगतलं, जळू दे.

सोमवार, १२
सुशीलच्या कपाळाले टेंगूळ. म्हणे, आजी, झाडू मारा म्हणजे फरशी झाडा. मंग सरळ बोलावं ना बेट्या! साहेबानं पोलिसात काही देलं नाही. देलं तं स्वतः थुकलो हेबी सांगा लागते. नोकरी मात्र गेली.
दामिनी स्टेशनात घ्याले आली, जिजाबाईशी कुजबुजली. घरी आल्यावर झाडू हातात देला, म्हणे, आंगण झाडा. 'मारा' नाही म्हणाली. जिजाबाईनं सांगतलं असन.
तेवढ्यात शेजारचा देवाजी आमच्याच आंगणात पचकन थुकला. म्या दांडा उचलला. दामिनीकडे पाहिलं. तिनं नुसते डोळे वटारले.
माती टाकली अन् झाडलं.